आंदणातली म्हैस

बाजाच्या तोंडात वाकळ कोंबायची, एवढंच मी ठरवलं होतं. एक जुनी वाकळ, दोन्ही हातांनी आत ढकलायची, काम संपलं. त्यातून पुढं जे निघालं ते सांगते. हसायचं त्यानं हसावं.

बाजा आमच्या घरच्या माणसाचा. नाव मी घेत नाही. गाव त्यांना बँडवाले चंपतराव म्हणतं, आणि मी काय म्हणते ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. निजामाच्या फौजेत एका पलटणीच्या बँडात ते अठरा वर्षं होते. पुढं निजामाचं राज्य गेलं, फौज मोडली, बँड मोडला. घरी येताना कोणी कंबल आणलं, कोणी बूट आणले. तलमडुगूच्या एका माणसानं तर तंबू आणला, त्याची बायको त्यात अजून तूर ठेवते. आमच्या माणसानं आणला बाजा. पितळेचा, ठिकठिकाणी पोचे पडलेला, मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा, आणि तोंड एवढं की आमचं मांजर त्यात वेटोळं करून झोपायचं. बँडातले लोक त्याला बेस म्हणत. गावानं एकदा ऐकलं आणि भोंगा म्हणायला लागलं.

आता हा बेस काय वाजवतो? नुसतं भों. चाल दुसऱ्यांनी वाजवायची, ह्यानं खालून भों म्हणायचं. अठरा वर्षं आमच्या माणसानं भों म्हटलं आणि त्याचं निवृत्तीपत्र त्यांनी देवघरात ठेवलं आहे.

घरी आल्यावर त्यांना शागीर्द पाहिजे होता. गावातली पोरं बाजा पाहायला आली आणि वाजवायला सांगितल्यावर पळाली. राहिली आमची वनमाला. एकच लेक, तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणाली, "मी शिकीन." मी म्हणाले, "तू भाकर शिक." माझं कोणी ऐकलं नाही.

पहिले सहा महिने तर बाजाला हातच लावू दिला नाही. चिमणीसमोर बसवायचे आणि म्हणायचे, "फुंक. जोत वाकली पायजे, इझली नाई पायजे." मग नुसती वाटी दिली, बाजाच्या टोकाला ओठाशी असते ती. तिच्यात ओठ फुरफुरवायचे. महिनाभर घरात गांधीलमाशी शिरल्यासारखं वाटत होतं. मग आला बाजा. सूर किती वेळ धरायचा ते विहिरीवर ठरायचं. मी दोर ओढायला लागले की पोरीनं फुंकायचं, बादली वर आली की थांबायचं. मधात सूर तुटला की बाप म्हणायचा, "सोड बादली खाली." म्हणजे सूर पोरीचा तुटायचा आणि पाणी मी पुन्हा काढायचं. शिकत ती होती, दंड माझे भरत होते.

शिवाय बाजात फुंकून फुंकून पाणी साचतं. त्याला खाली एक चावी असते, ती दाबली की ते सगळं भुईवर. माझ्या सारवलेल्या भुईवर.

"थुंकी नाई ते," हे म्हणायचे, "वाफ हाय."

"मंग वाफ तुमी पुसा," मी म्हणायची.

दिवेलागणीला दोघं गोठ्यात बसायचे. भों. मग थोडा वेळ काही नाही. मग भों, भों. मधल्या रिकाम्या जागेत ह्यांना सगळा बँड ऐकू यायचा. डोळे मिटून मान डोलवायचे. आम्हाला आणि बैलांना नुसती रिकामी जागा ऐकू यायची.

वना एकदा म्हणाली, "बाबा, आपण भों वाजवतो, मंग चाल कोन वाजवते?"

"चाल क्लॅरनेटवाला वाजवते. कॉर्नेटवाला वाजवते."

"ते कोठी हायत?"

ह्यांनी चावी दाबून बाजातलं पाणी भुईवर सांडलं. मग म्हणाले, "मोडले ना सगळे."

"मंग मी एकटीनं वाजवीन. चालीसगट."

"बेस एकट्यानं वाजत नसते."

"काऊन?"

"कोनी वाजवला नाई म्हनून."

पोरीच्या मनात ते बसलं ते बसलंच. मला ते दिसत होतं, पण मला लग्नाचं दिसत होतं जास्त. पंधरा वर्षांची पोरगी, आणि घरातून असा आवाज. पाहुणे काय म्हणतील? म्हणून मी ती वाकळ आणली. जुन्या लुगड्यांची, जाडजूड. बाजाच्या तोंडात कोंबली. आवाज एकदम घोंगडी पांघरून खोकणाऱ्या माणसासारखा झाला. मी म्हणाले, "आता वाजवा किती वाजवाचं ते."

वर्षभर पोरगी त्या वाकळीतून फुंकत राहिली. वाकळ आवाज गिळते म्हणून ती आणखी जोर लावायची. तिचा बाप म्हणायचा, "छाती तयार होऊन राह्यली." मी हे ऐकलं, आणि त्याचा अर्थ काय होतो ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. (चौथी पास बाई आहे मी. पाचवीत हे शिकवत असतील.)

आता माझ्या आवाजाबद्दल सांगावं लागेल. माझा आवाज मोठा आहे. भाकरी झाल्या की मी ओट्यावर उभी राहून हाक मारायची, "वनाऽऽऽ वंऽऽऽ." पहिलं लांब आणि उंच, आणि 'वं' खाली घसरत घसरत पार जमिनीपर्यंत. नाल्याकाठच्या वावरात कापूस वेचणारी माझी पोरगी उठून निघायची. दुसऱ्यांच्या पोरीही उठायच्या, भीतीनं. म्हणून मी ठरवलं होतं, पोरगी द्यायची ती हाकेच्या टप्प्यात. दूर दिलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. वर्षातून एकदा येतात आणि पाहुण्यासारखं पाणी मागतात. नाल्याच्या पलीकडं मारोतरावांचं गाव. त्यांचा पोरगा यशवंत, चांगला, कमी बोलणारा. माझी हाक नाल्यापर्यंत आणि त्यांचं वावर नाल्यापासून. दुसरं स्थळ मी पाहिलंच नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. मारोतराव, त्यांची बायको कुसुमबाई आणि आणखी चारजण न सांगता आले. पोरगी पाहायला लोक असेच येतात, बैल विकायचे आहेत का म्हणून विचारत येतात. घरात एवढ्या लोकांना बसायला अंथरूण नव्हतं. वना विहिरीवर होती. मी गोठ्यात गेले, बाजाच्या तोंडातून वाकळ ओढून काढली, झटकली, पाहुण्यांना टाकली. अंथरुणाचं काम झालं, मी चहाला लागले.

वना मागच्या दारानं आली. पाहुणे आलेले तिला माहीत नव्हते. दिवेलागण झाली होती. तिनं नेहमीसारखा बाजा मांडीवर घेतला आणि नेहमीसारखा छातीतला सगळा श्वास त्यात घातला.

आढ्यावरची पाल मारोतरावांच्या पुढ्यात पडली. कुसुमबाईंच्या हातातली बशी अर्धी रिकामी झाली. बैलांनी दावं तोडलं की काय म्हणून हे धावले. आणि मारोतरावांनी विचारलं, "हे काय होतं वं बाई?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. माझ्या तोंडानं म्हटलं, "म्हैस."

"तुमच्या घरी म्हैस हाय?"

"हाय ना."

मारोतराव आपल्या भागात म्हशींचे मोठे जाणकार. मांड्या आवळून पुढं सरकले. "कितव्या वेतात हाय?"

"दुसऱ्या."

पुन्हा भों. ह्या वेळेला लांब, विहिरीची बादली वर येईपर्यंत. मारोतरावांनी डोळे मिटून ऐकलं, आमचे हे ऐकायचे तसंच.

"दुसऱ्या वेतात एवढा दम," ते म्हणाले. "नागपुरी असन."

"तिकडचीच," मी म्हणाले.

"दाखवा मंग."

"नाई. नवख्या मानसाले मारते. मागं पटवाऱ्याले पाडलं."

आमचे हे दारात उभे होते. माझ्याकडं असं पाहत होते की जशी मीच शिंगं उगारून आले आहे. मी डोळे वटारले. ते गोठ्यात गेले आणि बाजा थांबला.

मग वना चहा घेऊन आली. तोंडाभोवती वाटीचा गोल लाल वळ. कुसुमबाईंनी विचारलं, मी सांगितलं, "घंगाळावर पडली." पोरगी त्यांना पसंत पडली. निघताना मारोतराव म्हणाले, "हुंडा काई नको. पन आंदनात म्हैस पायजे, तीच. पाह्याची बी गरज नाई. आवाज ऐकून घेतली म्या."

ते गेल्यावर घरात तिघंच राहिलो.

"आता?" हे म्हणाले.

"पाहू," मी म्हणाले.

वना म्हणाली, "आई, लगन कर. मी नाई म्हनत नाई. पन एकदा मले वाकळ काढून, उघड्यावर, एकटीनं वाजवू दे. जाच्या आधी एकदा."

"सासरी जाऊन वाजव," मी म्हणाले. उगीच तोडून टाकायला म्हणून. त्या घरात तिला कोण बाजा वाजवू देणार होतं? हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. ती उठून गोठ्यात गेली. त्या रात्री भोंसुद्धा ऐकू आलं नाही.

मग म्हशीचा शोध. आदिलाबादच्या बाजारात आम्ही दोघं तीन वेळा गेलो. म्हशी बऱ्याच होत्या, पण आमच्या माणसाचा कान फौजेचा. प्रत्येक म्हशीपुढं उभं राहून ती हंबरायची वाट पाहायचे. हंबरली की मान हलवायचे. "ही वरच्या सुरात हाय. आपली खरजात." एक व्यापारी वैतागला, म्हणाला, "अरे भाई, दूध देखो, गाना क्यूँ सुन रहे?" मी म्हणाले, "घ्या कोन्ती बी." तर हे मलाच समजावतात, "मारोतरावानं आवाज ऐकून घेतली. दुसरी दिली तर वळखन." एक म्हैस सुरात निघाली. ती रेडा होता.

तेवढ्यात दिवाळी आली, आणि दिवाळीच्या तोंडावर सरकारनं मुलूख वाटला. भाषेवर वाटला म्हणे. आमच्या गावात सगळे मराठी बोलतात, आम्ही गेलो आंध्रात. मारोतरावांचं गाव किनवट तालुक्यातलं, ते गेले मुंबई राज्यात. आणि दोन्हींच्या मधात काय, तर आमचा नाला. सोयरीक जुळली तेव्हा एक जिल्हा होता, लग्न लागलं तेव्हा दुसरा प्रांत. मी हाकेच्या टप्प्यात पोरगी दिली होती. टप्पा तेवढाच राहिला, पण मधात हद्द आली. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, चार कोस इकडून घ्या.

मार्गशीर्षात लग्न लागलं. पाठवणीची वेळ झाली. बैलगाडी जुंपलेली, वऱ्हाड उभं. मारोतराव म्हणाले, "विहीनबाई, म्हैस सोडा."

मी तयारी केली होती. म्हैस परवा मेली, असं सांगायचं होतं. डोळ्यांत पाणीही आणून ठेवलं होतं. त्या दिवशी त्याला मेहनत लागत नव्हती. मी तोंड उघडणार, तर वना वळली आणि गोठ्यात गेली. पिवळं लुगडं, कपाळाला मुंडावळ्या. बाहेर आली ती बाजा घेऊन. अंगणाच्या मधात पाटावर बसली, मुंडावळ्या कानामागं अडकवल्या, वाटी ओठाला लावली.

पहिला सूर लांब आणि उंच. दुसरा खाली घसरत घसरत पार जमिनीपर्यंत.

अंगणातल्या चार-पाच पोरी उठून घराकडं निघाल्या. सवयीनं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही माझी हाक आहे. वनाऽऽऽ वंऽऽऽ. तीच उंची, तेच घसरणं, शेवटी माझा घसा जिथं फाटतो तिथं तिचा सूरही थोडा फाटला, मुद्दाम. पुन्हा वाजवली. मग ती हाक वळवून, फिरवून, लहान करून, जशी ती पाळण्यात असताना मी मारली असेल तशी. बाजात रिकामी जागा नव्हती. सगळं एकटीनं वाजत होतं.

मी ह्यांना विचारलं, "तुमी शिकवलं?"

"मी भों शिकवला," हे म्हणाले. "बाकी तुवं हाय." आणि पागोट्याच्या शेवानं नाक पुसलं. (वाफ.)

वाजवणं संपलं. मारोतराव बाजाभोवती एक चक्कर मारून आले. हळूच म्हणाले, "हेच ते?"

आमचे हे म्हणाले, "हेच. दूध देत नाई, पन चारा बी खात नाई."

मारोतरावांची पंचाईत झाली. आपण म्हैस आवाजावरून घेतली हे त्यांनी गावभर सांगितलं होतं. आता वऱ्हाडापुढं 'मी बाजाला म्हैस समजलो' म्हणायचं कसं? त्यांनी बाजा उचलायला लावला, गाडीत वनाच्या शेजारी ठेवला, वर बैलाची झूल टाकली. यशवंत, कमी बोलणारा पोरगा, एवढंच बोलला, "जपून. पोचा पडन." तेव्हा मला वाटलं, पोरगी बरी राहील.

गाडी नाल्यात उतरली. मी ओट्यावर उभी होते. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. एवढा मोठा आवाज माझा, त्या दिवशी कुठं गेला काय माहीत.

मग घर असं झालं की बोलायची सोय नाही. दिवेलागणीला हे गोठ्यात जाऊन बसायचे, बैलांपुढं. आता त्यांना नुसती रिकामी जागाच होती. मी भाकरी झाल्या की सवयीनं ओट्यावर यायची, 'वना' म्हणायची, आणि पुढचं 'वं' गिळून आत जायची. ती वाकळ मी धुतली नाही. तिला बाजाच्या तोंडाचा गोल आकार पडला होता आणि पितळेचा वास. थंडी पडली तरी अंगावर घेतली नाही, आकार मोडेल म्हणून.

सणाला पोरीला आणावं म्हणून मी निरोप पाठवला. मारोतरावांचा उलटा निरोप आला, "कापूस वेचनं चालू हाय. अन् आता परप्रांत झाला, सारखं येनं-जानं बरं नाई. म्हैस पाठवा, मंग सून पाठवतो." म्हणजे राग होता तो होताच. मी स्वतः जायचं, तर लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या दारचं पाणी आम्ही पीत नाही. आणि न दिलेल्या म्हशीचं तोंड घेऊन जाऊ कशी?

चैत्र लागला. एक दिवस काटक्या वेचायच्या म्हणून मी संध्याकाळी नाल्यावर गेले. (काटक्या घरामागं हव्या तेवढ्या होत्या.) नाला कोरडा पडला होता. उभी राहिले. आणि पलीकडून, वावराच्याही पलीकडून, वाऱ्यावर आलं. लांब आणि उंच, मग खाली घसरत. माझी हाक, पितळेची. वाकळ नाही, काही नाही, उघड्यावर.

माझ्या हातातल्या काटक्या पडल्या. पोरगी रोज सांजेला मला हाक मारते, आणि मी घरात चूल फुंकत बसते. मी पदर खोचला, छाती भरली आणि चार महिन्यांची सगळी राहिलेली हाक एकदम मारली. "वनाऽऽऽ वंऽऽऽ. ये वंऽऽऽ."

पलीकडची पळसाची झाडी हलली. फांद्या मोडल्या. आली, मी म्हणाले, पोरगी धावत आली.

झाडीतून म्हैस निघाली.

मोठी, काळीभोर, नाला उतरून तडक माझ्यापर्यंत आली आणि माझ्या तोंडाकडं पाहत उभी राहिली, जशी पुढचं काय ते विचारते. तिच्यामागं मारोतराव, धोतर वर खोचलेलं, हातात काठी, धापा टाकत.

"विहीनबाई," ते म्हणाले, "द्याची ती म्हैस तुमी दिली नाई. आमी सक्रांतीले घेतली, तं तिले बी बलावून नेता काय?"

"मी माह्या लेकीले हाक मारली."

"मंग म्हैस काऊन आली?"

मग त्यांच्याच तोंडून कळलं. वना रोज सांजेला बाजा वाजवून म्हैस घरी बोलावते. दुसऱ्या कशालाच ती येत नाही. यशवंत म्हशीला चारायला सोडतो आणि आणायला जातच नाही. वावराच्या बांधावर बसून ऐकत राहतो.

मारोतरावांनी म्हैस ओढली, हलेना. काठी दाखवली, माझ्या मागं येऊन उभी राहिली. मग पलीकडून पुन्हा बाजा वाजला, तेव्हा तिनं कान टवकारले, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मुंबई राज्यात निघून गेली.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. म्हैस, मारोतराव, सगळं. ह्यांनी एकच विचारलं, "सूर तुटला का?"

"नाई तुटला."

"बादली?"

"वर आली," मी म्हणाले. "पुरी भरून."

त्या रात्री दोघंही चांगले जेवलो.

आता मी रोज सांजेला नाल्यावर जाते. पलीकडून बाजा वाजतो, इकडून मी हाक मारते. सासरची सांजेची वेळ, चूल, धारा; वना येत नाही. म्हैस येते. मी तिच्या कपाळावर हात फिरवते, पोरगी कशी आहे विचारते. परवा मारोतरावांचा निरोप आला. म्हैस घरी येताना तुमच्याकडून फिरून येते, दमते, दूध कमी झालं. हाक मारता तर मूठभर चारत जा.

म्हणून आता मी पाटीभर सरकी घेऊन जाते. न दिलेली म्हैस मी रोज चारते आहे, आणि ती दूध देते परप्रांतात.